डॅनिश यजमानांबरोबर समुद्रकाठचा एक दिवस: कोपनहेगन ते गिलेलाय

कोपनहेगनला येऊन काही महिने झाले की ऑफिसातलं कुणी किंवा शेजारचं कुटुंब विचारतं, "पुढच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही किनाऱ्याने वर जाणार आहोत. याल का?" वर म्हणजे उत्तरेला, ओरेसुंड या सामुद्रधुनीच्या कडेकडेने, समोर स्वीडन ठेवून. आपल्या सवयीप्रमाणे मनात येतं की तोंडदेखलं विचारलं असेल, उगाच त्यांना कशाला त्रास. तसं समजू नका. इथे तोंडदेखलं सहसा कुणी बोलावत नाही. अख्खा शनिवार काढून दिलाय म्हणजे तुम्ही यावं असं त्यांना खरंच वाटतंय.

आम्ही दोघं इथे आलो तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. पुढे अशा बऱ्याच सहली झाल्या, कधी यजमानांबरोबर, कधी भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन. नव्याने आलेल्यांसाठी ते सगळं क्रमाने लिहिते आहे. स्थळांची माहिती कुठेही मिळते. त्या माणसांबरोबर दिवस कसा घालवायचा, हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून माझा भर त्यावर आहे.

आमंत्रण अजून आलंच नसेल तर वाट बघत बसू नका. इथली मैत्री ऑफिसपेक्षा मंडळांतून जास्त होते. बॅडमिंटन, गायन, नौकानयन, हिवाळी पोहणं, प्रत्येकाची मंडळं असतात आणि दर आठवड्याला तेच लोक भेटतात. वाचनालयांत भाषेच्या सरावासाठी स्प्रोगकॅफे भरतात. तिथे येणारे निवृत्त डॅनिश स्वयंसेवक वेळ द्यायला तयार असतात, आणि आमच्या ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांना पहिले यजमान तिथेच मिळाले.

आमंत्रणाला उत्तर

एक-दोन दिवसांत उत्तर द्या, आणि हो किंवा नाही यांपैकीच द्या. "बघतो, जमलं तर येतो" हे आपल्याकडे सौजन्य असतं. इथे त्याने यजमानांचा बेत अडकून पडतो, कारण पाव किती आणायचा, गाडीत किती जण बसणार, हे सगळं माणसं मोजून ठरतं. जमणार नसेल तर तसं सांगून दुसरी तारीख सुचवा, त्यात कुणालाच वाईट वाटत नाही. तारखेऐवजी "आठवडा ३२" असं कानावर पडेल. वर्षाचे आठवडे क्रमांकाने मोजायची इथे पद्धत आहे, तेव्हा फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक दिसतील असं आधीच करून ठेवा.

त्याच उत्तरात जेवणाचं स्पष्ट लिहा. नुसतं "शाकाहारी" लिहिलं तर काही घरांत मासे ताटात येतात. "मांस नाही, मासे नाहीत, अंडी, दूध आणि चीज चालतं" इतकं सुटं लिहा. मांसाहारी असाल पण डुकराचं चालत नसेल तर तेही लिहा. फ्रिकाडेला हे तळलेले गोळे आणि लेव्हरपोस्टाय हा पावावर लावायचा प्रकार, दोन्हींत बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं आणि नुसतं बघून ओळखू येत नाही. हे विचारणं यजमानांना भोचकपणाचं वाटत नाही. ऐन जेवणाच्या टेबलावर कळलं तर मात्र त्यांना फार चुटपुट लागते.

आई-वडील बरोबर येणार असतील तर त्यांना एक गोष्ट घरीच सांगून ठेवा. यजमान त्यांना पहिल्या नावाने हाक मारतील, आणि आपणही यजमानांना नावानेच हाक मारायची, ते सत्तर वर्षांचे असले तरी. काका, मावशी, सर, मॅडम काहीच नाही. 'आपण' म्हणावं असं एक सर्वनाम डॅनिशमध्ये आहे, पण रोजच्या बोलण्यातून ते जवळपास गेलेलं आहे. सहा वर्षांचं पोरही आजोबांच्या वयाच्या पाहुण्याला नावाने बोलावतं. माझ्या बाबांना मी हे आधी सांगितलं नव्हतं. पहिला अर्धा तास ते गप्प गप्प होते, आणि मला कारण कळायला संध्याकाळ उजाडली.

पिशवीत काय

उन्हाळ्यातही वारा अडवणारं जॅकेट हवंच. छत्री नेऊ नका, या वाऱ्यात ती टिकत नाही. कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे घ्या. पोहायचा पोशाख आणि टॉवेल प्रत्येकाचा घ्या, उतरायचा विचार नसला तरी. घराच्या दारात बूट काढायचे असतात, म्हणून मोजे धड असू देत. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा उशीर होण्याची काळजी नको. डिसेंबरात तो पावणेचारच्या आतच जातो, मग हाच दिवस सकाळी लवकर सुरू करून निम्म्यावर आणावा लागतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो.

भेटवस्तू छोटी न्या. फुलं, किंवा घरी केलेला डबाभर चिवडा. डब्यावर शेंगदाणे, काजू, तीळ, जे असेल ते लिहा. भेट दिली की ती तुमच्यासमोरच उघडली जाईल, तीच इथली रीत आहे, तेव्हा "नंतर बघा" म्हणून थांबवू नका.

निघताना

साडेनऊ म्हणजे साडेनऊ. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी संदेश टाका. फार आधी जाऊन घंटी वाजवणंही बरोबर नाही.

यजमानांची गाडी असेल तर ते स्ट्रॅनवायने नेतील, म्हणजे समुद्राला धरून हेल्सिंगोरपर्यंत जाणाऱ्या जुन्या रस्त्याने. महामार्ग लवकर पोचवतो, पण हाच रस्ता घ्यायला सांगा. गाडी नसेल तर किनाऱ्याची रेल्वे आहे. १८९७ साली सुरू झालेल्या या मार्गाने कोपनहेगनच्या मुख्य स्थानकातून हेल्सिंगोरला साधारण पाऊण तास लागतो. जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. वेळापत्रकासाठी रेजसेप्लेनन हे ॲप पुरेसं आहे. प्रवासकार्ड किंवा त्याचं ॲप वापरत असाल तर चढण्याआधी चेक-इन आणि उतरल्यावर चेक-आउट दोन्ही करा, नवीन माणसं दुसरं हमखास विसरतात. बारा वर्षांखालची दोन मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात. डब्यावर शांतता क्षेत्राची खूण असेल तर तिथे फोनवर बोलायचं नाही, आपसातही हळू.

फलकावरचं नाव नीट वाचा. हेल्सिंगोर डेन्मार्कमध्ये आहे, हेल्सिंगबोर्ग समोर स्वीडनमध्ये. दोन्ही गावांमध्ये फेरी चालते, वीस मिनिटांची. यजमान हौसेने म्हणतील, "चला, पलीकडे कॉफी पिऊन येऊ." त्यासाठी पासपोर्ट आणि निवासपरवाना दोन्ही बरोबर हवेत, फोनमधले फोटो नकोत.

पहिला थांबा: बेलव्ह्यूला पाण्यात

क्लाम्पेनबोर्ग स्थानकातून बाहेर पडलं की काही पावलांवर बेलव्ह्यूचा किनारा आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे जीवरक्षकांचे मनोरे दिसतील. ते वास्तुविशारद आर्ने याकोब्सेन यांनी १९३०च्या दशकात आखले, आणि रस्त्यापलीकडची पांढरी बेलाव्हिस्टा वसाहतही त्यांचीच. यजमानांना त्याचा अभिमान असतो. खुर्ची असो, पेट्रोल पंप असो की बदलायची खोली, रोजची वस्तू नीट आखलेली असली पाहिजे, हा इथला आग्रह या एका किनाऱ्यावर सगळा दिसतो.

माझं माहेर गुहागरचं. त्यामुळे या समुद्राने मला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकलं. इथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. सकाळी पाणी जिथे होतं तिथेच संध्याकाळी. लाट लहान, वाळू अरुंद, आणि पाण्याची चवही आपल्यापेक्षा पुष्कळ कमी खारट, कारण बाल्टिक समुद्रातलं नद्यांचं गोडं पाणी याच वाटेने बाहेर पडतं. म्हणून लोक वाळूवरून धावत शिरत नाहीत. लाकडी धक्क्यावरून शिडीने उतरतात, चार हात मारतात, वर येतात. भर उन्हाळ्यात पाणी अठरा-वीस अंशांपर्यंत जातं, मेमध्ये बरंच गार असतं. पहिल्यांदा उतरताना उडी मारू नका. शिडीने उतरा, खांद्यापर्यंत थांबा, श्वास संथ झाला की मगच पोहा.

कपडे तिथेच, टॉवेल गुंडाळून बदलतात, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्याला संकोच वाटणं स्वाभाविक आहे. सलवार-कुर्ता घालून धक्क्यावर बसून राहिलात तरी चालतं. यजमान एकदा विचारतील, तुम्ही "नाय ताक" म्हणालात की विषय संपला. नाय म्हणजे आपलंच नाय, अर्थासकट. ताक म्हणजे धन्यवाद.

काळजी दोन गोष्टींची. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर मुलांना फुगवलेल्या गादीवर किंवा रबरी चाकावर सोडू नका, शांत दिसणाऱ्या पाण्यावरून ती बघता बघता दूर जातात. दुसरं, जेलीफिश. पारदर्शक, मध्ये चार कडी असलेला निरुपद्रवी असतो. तांबूस, लांब तंतूंचा 'ब्रॅनमॅन' मात्र चांगलाच भाजतो, आणि उन्हाळा सरताना जास्त दिसतो. लाल-पिवळा झेंडा असेल तर जीवरक्षक हजर आहेत. कुठलाही अपघात झाला तर क्रमांक ११२.

किनाऱ्यामागे ड्युरेहॅवन हे राजांच्या शिकारीचं जुनं रान आहे, सुमारे दोन हजार हरणं आणि १७३६चा छोटा महाल. ते या दिवसात कोंबू नका, रानासाठी वेगळा रविवार ठेवा.

हेल्सिंगोर

इथे घाई करू नका. दिवसातलं सगळ्यात भरीव ठिकाण हेच आहे.

स्थानकाबाहेर आलात की समोर समुद्र, त्यापलीकडे स्वीडनची घरं दिसतात. इथे सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटरची आहे. शतकानुशतकं या शहराचं नशीब या चार किलोमीटरवर ठरत आलं. बाल्टिकमध्ये जाणारं-येणारं मोठं जहाज मुख्यतः इथूनच जायचं, आणि १६५८ पर्यंत दोन्ही काठ डेन्मार्कचे होते. १४२९ पासून राजाने इथे जकात बसवली आणि ती १८५७ पर्यंत चालली. पुढे जकात मालाच्या किमतीवर आली, आणि किंमत कप्तानानेच सांगायची होती. कमी सांगितली तर? त्यावर राजाने साधा तोडगा काढला होता: सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घ्यायचा हक्क राजाने स्वतःकडे ठेवला. कमी सांगा, माल जाईल. जास्त सांगा, जकात जास्त. हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने किल्ल्याकडे बघायची नजरच बदलली, कारण त्याचं काम आयकराचं.

किल्ल्याचं नाव क्रोनबोर्ग. जुना गड १४२०च्या दशकातला. फ्रेडरिक दुसरा याने १५७४ ते १५८५ मध्ये त्याचा आजचा राजवाडा केला, जकातीच्याच पैशातून. २००० साली तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. आत ६२ मीटर लांबीचं नृत्यदालन आहे, पण मुलं असतील तर आधी तळघरात जा. खाली दमट, काळोखे बोगदे आहेत, तिथे सैनिक राहायचे. जॅकेट तिथे लागेल, आणि फोनचा दिवाही. एका वळणावर ढाल-तलवार घेऊन झोपलेला होल्गर डान्स्के बसलेला आहे. डेन्मार्कवर संकट आलं की तो जागा होईल, अशी कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या एका गटाने त्याचंच नाव घेतलं होतं. यजमान मुलांना ही गोष्ट सांगायला लागले की मध्ये बोलू नका. ती त्यांनी स्वतःच्या आजोबांकडून याच बोगद्यात ऐकलेली असू शकते.

'हॅम्लेट'चा किल्ला तो हाच. इथे तुमच्याकडेही सांगण्यासारखं काही आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी त्या नाटकाचं मराठी रूप 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली आणलं. आमच्या यजमानांना हे सांगितलं तेव्हा ते अंगणात थांबले आणि शाळा, तुरुंग, समाजसुधारणा, आगरकरांबद्दल एकामागून एक विचारत राहिले. पाहुण्याने आपल्याकडचं काही आणावं, हे त्यांना चिवड्यापेक्षाही आवडतं.

वेळ उरला तर किल्ल्याशेजारचं सागरी संग्रहालय बघा. २०१३ साली ते एका जुन्या कोरड्या गोदीभोवती जमिनीखाली बांधलं, वर बांधलं असतं तर किल्ला झाकला गेला असता म्हणून. तामिळनाडूतलं तरंगंबाडी १६२० ते १८४५ डॅनिशांकडे होतं, ते त्याला ट्रँकेबार म्हणतात. कोपनहेगनहून तिकडे निघालेली जहाजं याच सामुद्रधुनीतून क्रोनबोर्गला वळसा घालून महासागराकडे जायची. जुन्या बंदरात 'हान' नावाचा चकचकीत पोलादी तरुण खडकावर बसलेला आहे, कोपनहेगनच्या जलपरीचा जोडीदार म्हणावा असा. तो तासातून एकदा क्षणभर डोळे मिटतो. आम्हाला ते अजून दिसलेलं नाही.

पाऊस लागला तर बेत बदला आणि वाटेतल्या हुमलेबेकला उतरा. स्थानकापासून दहा-बारा मिनिटं चाललं की लुइझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय येतं. १९५८ साली ते एका जुन्या बंगल्यात सुरू झालं. बंगल्याच्या मूळ मालकाच्या तीन बायका झाल्या आणि तिघींचं नाव लुईज, त्यावरून हे नाव पडलं. काचेच्या बोळांतून चालत समुद्रावरच्या हिरवळीपर्यंत येता. सोमवारी बंद असतं. चित्रकलेत फारसा रस नसला तरी त्या हिरवळीवर बसायला जावं, असं माझं मत आहे.

जेवणाचं टेबल

यजमानांचं उन्हाळी घर बहुधा हॉर्नबेकच्या आसपास असतं. हेल्सिंगोरहून छोट्या रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता. बुटकी लाकडी घरं, पाइनची झाडं, मागे वाळूच्या टेकड्या आणि रानगुलाब. ही पाइनची लागवड १८व्या शतकाच्या शेवटी उडती वाळू थोपवायला सुरू झाली.

अंगणातल्या खांबावर झेंडा फडकत असेल तर कुणाचा तरी वाढदिवस असेल, किंवा तुम्ही आलात म्हणूनही. इथला राष्ट्रध्वज सरकारी समारंभापुरता नसतो. वाढदिवसाच्या केकवर, ख्रिसमसच्या झाडावर, विमानतळावर आजीला घ्यायला आलेल्या नातवाच्या हातात तो असतो. मात्र सूर्यास्ताला उतरवायचा आणि जमिनीला टेकू द्यायचा नाही, हे फार काटेकोर पाळतात. उतरवताना हात लावायला बोलावलं तर तो मान समजा.

आता जेवण. दुपारी स्मोरब्रोड असेल: राय या धान्याच्या काळसर पावाचा एक काप, त्यावर लोणी, त्यावर काहीतरी रचलेलं. शेवटचा ड मऊ असतो, आपल्या कानाला ल आणि ळ यांच्या मधला, तेव्हा कुणी "स्मोरब्रोल" म्हटलंसं वाटलं तर तेच. हे हाताने उचलून खायचं नसतं, काटा-सुरीने खायचं. क्रम ठरलेला आहे. आधी मुरवलेला हेरिंग मासा, मग तळलेला मासा पिवळ्या रेमुलाद सॉसबरोबर, मग मांस, शेवटी चीज. प्रत्येक पायरीला नवा काप घ्यायचा, सगळं एकाच कापावर नाही. हेरिंगच्या वाट्यांमधली एक पिवळी असेल, ती कारीसिल, म्हणजे करी घातलेला हेरिंग. आपल्या तोंडाला ती गोड लागेल. शाकाहारी असाल तर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनेज आणि हिरवी कांदेपात घातलेला काप मागा. साधा दिसतो, पण नव्या बटाट्याच्या दिवसांत मला तोच सगळ्यात आवडतो. अंड्याचाही असतो.

यजमान "वेर्सगो", म्हणजे घ्या आता, असं म्हणेपर्यंत थांबा. ग्लास उचलून "स्कोल" म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं, प्यायच्या आधी आणि नंतरही. दारू घेत नसाल तर पाण्याच्या ग्लासनेही हेच करा, कुणी कारण विचारत नाही.

आणि आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. इथे आग्रह नाही. आपण भूक असूनही पहिल्यांदा "नको, पुरे" म्हणतो, समोरचा "अहो घ्या हो, एवढंसं" म्हणतो, आपण पुन्हा नको म्हणतो, तो वाढतो, आणि सगळ्यांनाच ते माहीत असतं. डॅनिश यजमान पहिल्या "नको"ला नको समजतात आणि भांडं पुढे सरकवतात. पहिल्या वर्षी मी अशीच एका टेबलावरून अर्धपोटी उठले आणि मनात धरून बसले की यांना पाहुणचार ठाऊक नाही. पुढे कळलं की त्यांच्या हिशेबात मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नसणं. मायेत काही कमी नाही, ती दुसरीकडे असते. तुम्ही शाकाहारी म्हणून तुमच्यासाठी वेगळं लोणचं शोधून आणलेलं असतं, किंवा तुमच्या मुलीच्या मापाचे गमबूट शेजाऱ्याकडून मागून आणून दारात ठेवलेले असतात. आपली नजर वाढणाऱ्या हाताकडे असते, म्हणून हे दिसत नाही. तेव्हा हवं असेल तर पहिल्याच वेळी "या ताक", म्हणजे हो, धन्यवाद, असं म्हणा. पुन्हा हवं असेल तर स्वतः मागा. टेबलावरचं भांडं शेजाऱ्याकडून मागून घेणं पूर्ण शिष्टाचाराला धरून आहे.

जेवण झालं की उठताना "ताक फॉर मॅद" म्हणा, जेवणाबद्दल धन्यवाद. त्यावर "व्हेल्बेकॉमे" असं उत्तर येतं. मुलांनाही शिकवा, इथे तीन वर्षांचं पोरसुद्धा ते म्हणतं. मग ताटं उचलायला लागा. पाहुण्याने स्वयंपाकघरात येऊ नये असा संकोच इथे नाही, उलट भांडी पुसताना सगळ्यात चांगल्या गप्पा होतात. गोडाला उन्हाळ्यात कोलस्कोल मिळालं तर सोडू नका. घट्ट ताकाचं गार, गोड पेय वाडग्यात, वर छोटी कुरकुरीत बिस्किटं. पियूषाची आठवण येते. घरी केलेल्यात अंड्याचा बलक असतो, तेवढं विचारा.

गप्पांत काम, मुलं, सुट्ट्या, बाग, राजकारण सगळं चालतं. पगार आणि घराची किंमत विचारू नका. त्यांचा विनोद गंभीर चेहऱ्याने केलेला, उपरोधाचा असतो. "आज हवा अगदी भारतासारखी आहे" असं भर पावसात म्हणतील, आणि ती जवळीक असते. मध्येच कुणीच काही न बोलता समुद्राकडे बघत बसेल. ती शांतता भरून काढायला विषय शोधू नका. ज्याला ते ह्युगे म्हणतात, म्हणजे एकत्र बसण्यातला निवांत उबदारपणा, त्यात मेणबत्त्या आणि ब्लँकेटपेक्षा या न अवघडणाऱ्या शांततेचा वाटा मोठा आहे. यजमानांच्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.

जेवणानंतर किनाऱ्यावर चालायला जातील. डेन्मार्कचे किनारे सगळ्यांना खुले आहेत, खासगी मालकीच्या किनाऱ्यावरूनही पायी जाता येतं. फक्त अशा ठिकाणी घरापासून ५० मीटरच्या आत पथारी टाकायची नाही. २३ जूनच्या संध्याकाळी गेलात तर किनाऱ्यावर होळी दिसेल, अगदी आपल्यासारखी रचलेली, वर गवताची चेटकीण. संत हान्सची रात्र. सगळे मिळून गातात, तुम्हीही गोलात उभे राहा.

गिलेलाय

शेवटची कॉफी बंदरावर. गिलेलाय हे चालतं मासेमारीचं गाव आहे. धक्क्यावर ताजी मासळी मिळते आणि आईस्क्रीमही. इथे पैसे देण्याची संधी घ्या: "आईस्क्रीम आमच्याकडून" असं एकदा स्पष्ट म्हणा. कॅफेत एरवी प्रत्येक जण आपापलं बिल देतो.

या गावात थोडा वेळ शांतपणे काढा. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांनी डेन्मार्कमधल्या ज्यूंना पकडायची मोहीम उघडली, तेव्हा लोकांनी त्यांना घरांत, इस्पितळांत, चर्चमध्ये लपवलं आणि मासेमारीच्या होड्यांतून रात्री स्वीडनला नेलं. सात हजारांहून जास्त माणसं वाचली, आणि त्यातली पुष्कळशी या किनाऱ्यावरून गेली. तुम्ही आलात तशा छोट्या रेल्वेनेच कुटुंबं इथे उतरली होती. सगळे मात्र वाचले नाहीत. गिलेलायच्या चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास लोक गेस्टापो या जर्मन गुप्त पोलिसांच्या हाती लागले. चर्च बंदरापासून जवळ आहे, आत जाऊन या. यजमानांना विचारलं तर त्यांच्या घरातली एखादी आठवण निघेल, नाही निघाली तर खोदू नका.

पाय चालत असतील तर पश्चिमेला गिलब्यर्गच्या कड्यावरून पायवाट जाते. शेलँड बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक ते. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगोर १८३५च्या उन्हाळ्यात इथे राहून हिंडला होता, त्याचा स्मृतिदगड वाटेवर आहे. कड्याची माती ढासळती आहे, मुलांचा हात सोडू नका.

निरोप, आणि त्यानंतर

आमंत्रणात संपायची वेळ लिहिलेली असेल तर ती पाळा. लिहिलेली नसेल तर कॉफीनंतर तासाभराने उठायला हरकत नाही. दारातला लांबलेला निरोप इथेही असतो, पण आपल्यापेक्षा आखूड. "ताक फॉर इ डे" म्हणजे आजच्या दिवसाबद्दल धन्यवाद. परत येताना तीच वाट नको असेल तर गिलेलायहून हिलेरोडला छोटी रेल्वे जाते आणि तिथून एस-टोग ही उपनगरी रेल्वे थेट कोपनहेगनला आणते.

दुसऱ्या दिवशी एक छोटा संदेश पाठवा, एखाद्या फोटोसह. पुढे कधीही भेटलात की पहिलं वाक्य "ताक फॉर सिस्ट", मागच्या भेटीबद्दल धन्यवाद. दोन महिने उलटले तरी ते म्हणायचं असतं, आणि नवख्याच्या तोंडून ऐकलं की समोरच्याचा चेहरा खुलतो.

मग त्यांना घरी बोलवा. "या हं एकदा" असं मोघम नको, आठवड्याचा क्रमांक आणि वेळ सांगा. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरणपोळी एवढं पुरतं, तिखट बेताचं ठेवा आणि हाताने कसं खायचं ते दाखवा. आग्रह करायचा मोह होईल, तेव्हा त्यांना आधीच सांगून टाका की आमच्याकडे तीनदा विचारतात. आमचे यजमान पहिल्यांदा आले तेव्हा ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी खाली गाडीत बसून होते, खिडकीतून दिसत होते, आणि बरोबर साडेबाराला त्यांनी घंटी वाजवली. तेव्हा कुकरची शेवटची शिट्टी सव्वाबाराच्या आत होऊ दे.